ओला पंचा

तुमच्या हातात ओला पंचा आहे. नीट पिळलेला नाही. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय. समोर लाकडी कठडा, त्याच्यावर खांबाखांबांना बांधलेल्या काथ्याच्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर जेमतेमच जागा मोकळी आहे. गिरगावातली तिमजली चाळ, दुसरा मजला. रविवार, १६ जुलै १९६१. सकाळचे साडेआठ. आषाढ लागून तीन-चारच दिवस झालेत आणि आज पहाटेपासून पावसाने उघडीप दिली आहे.

इथे कसे पोचलात ते विचारू नका. मघाशी तुम्ही चौतिसाव्या मजल्यावर होतात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत’ ही सूचना तिसऱ्यांदा आली होती, आणि ड्रायरमधून काढलेला कोमट टॉवेल तुमच्या हातात होता. त्याच टॉवेलचा हा पंचा झाला. अट एकच आहे : तो वाळला की परत.

सोपं वाटतं ना? बघा घालून.

डाव्या हाताला दोन धोतरांच्या मधे वीतभर फट दिसतेय. तुम्ही पंचा उचलता, टाकता, आणि मागून आवाज येतो, “अहो, ती आमची दोरी आहे.”

आवाजात भांडण नाही. ‘पुढचा जिना चढा’ असं कुणी सांगावं, तितक्या सहज सांगितलंय. पाचवारी पातळाचा पदर कमरेला खोचलेल्या एक काकू दारात उभ्या आहेत, हाताशी पिळ्यांची बादली. तुम्ही पंचा काढून घेता.

भाड्याच्या पावतीवर दोरीचा उल्लेख नसतो. तरी खोलीच्या दारासमोरच्या दोन खांबांमधली जागा त्या खोलीची, हे तिन्ही मजल्यांना पाठ आहे. खोली दहा फूट रुंद, म्हणून दोरी दहा फूट. जिन्याशेजारच्या खोलीसमोर जिनाच उतरतो, तिला दोरी नाही. तिथल्या वहिनी आपले कपडे पिळून बादलीत ठेवतात आणि दुपारी कुणाची दोरी रिकामी झाली की विचारून घालतात. टोकाच्या खोलीला दोन बाजूंनी कठडा, तिला दोन दोऱ्या. त्या खोलीबद्दल चाळीत जी असूया आहे तिचं कारण लोक ‘हवा चांगली खेळते’ असं देतात. मला विचाराल तर कारण त्या दुसऱ्या दोरीत आहे.

आता हिशेब करा. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. दोरी दहा फूट. म्हणजे लुगड्याची आडवी तिघडी घातली की दोरी संपली, आणि घरात सासूबाईंचं एक लुगडं, काकूंची दोन पातळं, काकांचं धोतर, मुलांचे सदरे-चड्ड्या, परकर, पोलकी, पंचे, उशांचे अभ्रे. म्हणून दोरीच्या बाहेर लोखंडी कंसांवर बांबूची दांडी, दांडीच्या खाली कठडा, आणि कठड्यावरसुद्धा चादर. तिघडी घातलेलं लुगडं मधल्या घडीत वाळत नाही, त्यामुळे दुपारी ते भाकरीसारखं परतावं लागतं. ज्या घरात परतायला माणूस नाही त्या घरातल्या लुगड्याला पट्ट्यापट्ट्याने कुबट वास येतो आणि बायकांना तो जिन्यात जाणवतो.

“पाहुणे आहात ना? मग नुसते उभे काय राहता? आतली दोरी तेवढी पुसून द्या.”

कशाने, हे सांगावं लागत नाही. पंचा तुमच्याच हातात आहे.

दोरी पुसल्याशिवाय कपडा घालायचा नाही, हा या गॅलरीतला पहिला धडा. रात्रभर दोरीवर धूळ बसते, पावसाने तिची राड होते, कावळा बसून जातो, आणि काथ्याचा तांबूस भुगा सुटतो तो वेगळाच. पुढच्या खोलीवाल्यांनी काथ्याच्या जागी लोखंडी तार लावून पाहिली होती. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या तीन सदऱ्यांच्या घेरावर गंजाची सरळ रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तार निघाली. नायलॉनची दोरी इथे यायला अजून अवकाश आहे.

दोरी पुसून होते. पंच्यावर काळा-तांबडा पट्टा उठलाय.

“आता तो धुवायला टाका. मोरीत ५०१ साबणाचा तुकडा आहे.”

तुम्ही मोरीत उकिडवे बसता. ५०१ची पिवळट वडी झिजून हाडासारखी झालेली. कोनाड्यात निळीची पुरचुंडी आहे. दोन वर्षांपूर्वी सर्फची पावडर बाजारात आली तेव्हा काकूंनी एक डबा आणला होता. फेस बघून मुलं नाचली, काकूंनी मात्र फेसाने मळ निघत नसतो असं म्हणून डब्यात रवा भरून ठेवला. नळ नऊला जाणार आहे, तेव्हा आटपा.

बाहेर काकू लुगडं पिळतायत. एक टोक तुमच्या हातात देतात. ही गोष्ट एकट्याने होत नाही. दोघांनी उलट्या दिशांना पीळ द्यायचा, मधे दोरखंड तयार झाला की हळूच थांबायचं, मग पीळ सोडून चारी टोकं हातात धरून झटकायचं. ‘फट्’ असा आवाज आला पाहिजे. हा झटका चुकला तर सुरकुत्या राहतात, आणि चाळीत इस्त्री रोजची नसते. सणाला पितळी तांब्यात निखारे घालून फिरवतात, एरवी हातानेच काठ ओढून सरळ करायचे. तुमचा पहिला झटका फुसका जातो. दुसऱ्याला पाणी समोरच्या भिंतीपर्यंत उडतं आणि काकू पहिल्यांदा हसतात.

“चांगलं पिळलंय ना? खाली ठिबकलं तर आत्ता हाक येईल.”

हाक येतेच. “ओ वरच्या! माझ्या वाळत ठेवलेल्या छत्रीवर कशाला पाणी? पावसाचं कमी पडलं काय?” काकू कठड्यावरून वाकून म्हणतात, “आमचं नाही हो, तिसऱ्या मजल्याचं असेल.” तिसऱ्या मजल्यावर एकदम शांतता पसरते.

सदरे उलटे, म्हणजे आतली बाजू बाहेर. उन्हाने रंग उडाला तर आतला उडू दे. कॉलर खाली, घेर वर. टोक दोरीच्या पिळात खोचायचं, म्हणून तर दोरी दुहेरी वळून बांधलेली. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर शेकडो कपडे वाऱ्यात टांगलेले असतात ते असेच, चिमट्याशिवाय, दोन दोऱ्यांच्या पिळात धरलेले. लाकडी चिमटे इथे एका घरात आहेत आणि त्या घरातली मुलं ते मोजून ठेवतात.

मग रांगा. रस्त्याच्या बाजूला लुगडी, धोतरं, चादरी. म्हणजे घराचं तोंड. मधल्या दोरीवर सदरे, फ्रॉक. भिंतीकडच्या आतल्या दोरीवर पोलकी आणि परकर, तेही उघडे नाहीत. त्यांच्यावर काहीतरी पातळ टाकायचं. काकू इकडेतिकडे बघतात.

“धुतलात ना? द्या इकडे. झाकायला बरा होईल.”

पंच्याला जागा मिळाली, पण पोलक्यांच्या अंगावर. खालून ओल, वरून सावली. तसा तो संध्याकाळपर्यंत वाळणार नाही हे तुम्हालाही कळतंय. पुरुषांची भोकं पडलेली गंजिफ्रॉकं मात्र दर्शनी दोरीवर खुशाल फडफडतायत. आणि या आतल्या दोरीवरही जे येत नाही, ते घरात कपाटामागे, मोरीच्या दाराआड, दुसऱ्या फडक्याखाली दडवून सुकवलेलं असतं. महिन्याच्या घड्यांना ऊन कधीच दिसत नाही. खरं म्हणजे सगळ्या कपड्यांत कडक उन्हाची गरज त्यांनाच जास्त, पण या चाळीत ते बोलायला अजून कुणी नाही.

तुम्ही कठड्याला टेकून दोऱ्या वाचायला लागता. थोडा सराव झाला की वाचता येतात. तिसऱ्या खोलीसमोर लंगोट आणि दुपटी : लेक बाळंतपणाला आलीय. पाचवीसमोर शेजाऱ्यांचेच कपडे : मंडळी गावाला. चौथीसमोर चकचकीत, सुरकुती नसलेला फिकट निळा शर्ट : टेरिलीन, बोटीवर असलेल्या मुलाने बाहेरून आणलेला. तो सकाळी सातला घातला आणि आत्ता वाळलासुद्धा. सुती सदरा पाणी पिऊन बसतो, टेरिलीनचा धागा पाणी पीतच नाही. त्या शर्टाचं कौतुक कपड्यापेक्षा त्याच्या वाळण्याचं जास्त होतं. पोरं त्याला हात लावून बघतात.

बाकीच्यांना थांबावंच लागतं. कपडे उन्हाने वाळतात असं आपण म्हणतो खरं, पण मुंबईच्या जुलैत ऊन असून नसल्यासारखं. हवेतच एवढी वाफ भरलेली असते की कपड्यातल्या पाण्याला जायला जागा नसते. कपड्याला बिलगलेली ती दमट हवा हलवायला वारा लागतो. गॅलरी पूर्वेला आहे, वारा पश्चिमेकडून, चौपाटीवरून येतो. मागच्या खिडकीतून शिरून दारातून गॅलरीत निघतो. म्हणून दुपारी सगळ्या खोल्यांची दारं उघडी. यात शेजारधर्म किती आणि ओली धोतरं किती, हे मी ठरवू शकलेलो नाही.

तिसऱ्या खोलीत शेगडीवर बांबूची दुरडी पालथी घातलीय आणि तिच्यावर दुपटी पसरलीत. निखाऱ्यावर ओव्याची चिमूट टाकली की धुरी मिळते आणि कपडाही सुकतो. बाळाची आई घाईत एक लंगोट करकचून पिळते तशी आतून आजी ओरडते, “पिळू नको गं! पोराच्या पोटात पीळ पडतो.” तिन्हीसांजेच्या आत बाळाचे कपडे घरात आलेच पाहिजेत, हीही त्याच आजीची आज्ञा.

आणि टोकाच्या खोलीतल्या आजी.

त्यांच्या दोन दोऱ्यांवर दोनच कपडे असतात : तांबडं, बिनकाठांचं आलवण, आणि दुसरं आलवण. पण त्यांची खरी दांडी खोलीत आहे, आढ्याला टांगलेली, माणसाचा हात न पोचेल अशी. तिच्यावर सोवळं. धुतलेलं वस्त्र काठीच्या टोकावर तोलून वर सरकवायचं, काठीनेच पसरवायचं, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून काठीनेच काढायचं. मधे कुणाचा हात, कुणाचं वारंसुद्धा लागता कामा नये. काठी भिंतीशी उभी असते आणि तिच्या टोकाला खिळा आहे. पोरं त्या दाराशी आली की आवाज येतो, “शिवू नकोस रे!” तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर दोन हात अंतरावर थांबता, आणि आजी तुमच्याकडे बघून मान हलवतात. बसा.

आजी कोकणातल्या. त्यांच्या लहानपणी दोरी हा प्रश्नच नव्हता, असं त्या सांगतात. घरामागे कातळ होता. दिवाळीनंतर लुगडी कातळावर पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड, तासाभरात कडकडीत. पावसाळ्यात पडवीत दांड्या आणि चुलीची ऊब. “आणि सोवळं वाळलं नाही तर?” तुम्ही विचारता. “मग ओलेत्याने स्वैपाक. खोकला झाला तर झाला.” जरा थांबून, “नाहीतर धाबळी आहे की. लोकरीला विटाळ नाही.” कोपऱ्यातल्या पेटीवर ती घडी घालून ठेवलेली दिसते, जाडीभरडी, टोचणारी. जुलैच्या घामात ती नेसून चुलीपुढे बसायचं म्हणजे काय, याचा अंदाज तुम्हाला पेटीकडे बघूनच येतो. त्या ती अगदी नाइलाजाने काढतात.

साडेदहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजतात. जड, थांबून थांबून येणारी.

पुण्याची मंडळी आहेत. काकूंची नारायण पेठेतली बहीण, म्हणजे इथल्या मुलांची मावशी, तिचे यजमान, दोन मुलं आणि एक पत्र्याची ट्रंक. गेल्या बुधवारी सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या धरणात शिरलं आणि तेही गेलं. नदीकाठच्या पेठांत घरं पाण्याखाली होती, लकडी पुलावरून पाणी वाहत होतं. हे सगळं चाळीने ‘लोकसत्ता’त आणि ‘मराठा’त वाचलंय, आणि ते वाचलेले अंक आता ओल्या बुटांत बोळे करून कोंबलेले आहेत. पण ट्रंक उघडली तेव्हा जो वास आला तो कुठल्याही अंकात नव्हता.

आत गाळ आहे. गाळात कपडे.

“तिकडे धुवायचे कशात?” मावशी म्हणतात. “नळालाच पाणी नाही.” पुण्याचं पाणी खडकवासल्याहून यायचं. ज्या पुराने घर भरलं त्यानेच नळ कोरडे केले.

इथलाही नळ नऊला गेलाय. काकू स्वतःच्या पिंपातलं पाणी काढतात. मग शेजारची एक बादली येते, मग जिन्यालगतच्या वहिनींची घागर. लुगडी आधी नुसत्या गार पाण्यात खंगाळायची, घासायची नाहीत. घासलं की गाळ धाग्यात बसतो. तिसऱ्या पाण्यालाही रंग चहाचाच. लग्नातला शालू वेगळा काढतात. त्याची जर आत्ताच काळवंडलीय. तो उन्हात नाही, आत सावलीत.

आणि आता दोरी कुठेय?

कुणी काही जाहीर करत नाही. टेरिलीनवाल्या खोलीतून हात येतो आणि शर्ट आत जातो. तिसऱ्या खोलीतली दुपटी शेगडीवर एकावर एक चढतात. वहिनी, ज्यांना दोरीच नाही, त्या आपली भरलेली बादली मुकाट्याने मोरीत नेऊन ठेवतात. सातव्या खोलीतले काका मात्र हलत नाहीत. उद्या सोमवार आहे, कचेरीचं धोतर ओलं आहे, आणि त्यांच्याकडे दोनच आहेत. त्यांच्यावर रागावू नका. दोनच धोतरं असलेल्या माणसाचा सोमवार तुम्हाला ठाऊक नाही.

मावशींचे यजमान एवढा वेळ ट्रंकेच्या तळाशी काहीतरी चाचपत होते. ते आता एक लडबडलेला गठ्ठा बाहेर काढतात. घरातल्या पत्रिका, मुलाचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, एक लग्नाचा फोटो. कागद एकमेकांना चिकटलेत.

“काहीतरी सुती द्या कुणीतरी. टिपायला.”

काकू आतल्या दोरीवरून तुमचा पंचा ओढतात.

तुम्ही जमिनीवर बसता. पंचा पसरायचा, त्यावर एक कागद, वरून पंच्याचं दुसरं टोक, तळहाताने नुसता दाब द्यायचा. पुसायचं नाही. सर्टिफिकेटवरची फाउंटन पेनची निळी शाई पंच्यावर उतरते आणि कागदावर नुसता ढग उरतो. आजोबांची पत्रिका मात्र काजळाच्या शाईने लिहिलेली, गुंडाळीची, चांगली चार हात लांब. तिच्यावर गाळाचे नकाशे उमटलेत तरी ग्रहांची घरं वाचता येतात. काजळ पाण्यात विरघळत नाही. यजमान ती धरून उभे आहेत आणि ती टाकायला जागा शोधतायत. गॅलरीत वारं आहे, पोरं आहेत, आणि मागच्या खिडकीत, पश्चिमेकडे, आभाळ पुन्हा काळं व्हायला लागलंय.

“इकडे आणा ती.”

टोकाच्या खोलीतून आजी बोलल्या. त्यांच्या हातात काठी आहे. दांडीवरचं धुतलेलं वस्त्र त्यांनी काठीने ओढून खाली घेतलंय, थेट हातावर. यजमान उंबऱ्यापाशी अडखळतात. त्यांचे पाय गाळाचे, हातातला कागद गाळाचा.

“अहो, पण सोवळं...”

“या आत. तिथे वर कुणाचा हात पोचत नाही, आणि पाऊसही लागत नाही.” काठीच्या खिळ्यावर पत्रिकेची गुंडाळी अलगद चढते, दांडीवर जाते आणि दोन्हीकडून उलगडत खाली लोंबते. सर्टिफिकेट तिच्या शेजारी, फोटोच्या कोपऱ्याला दोरा बांधून तो त्यापलीकडे. आजी वळून पेटीवरची धाबळी उचलतात आणि अंघोळीला जातात. आज दुसऱ्यांदा.

दोन वाजतात. वारा सुटलाय, गॅलरीभर पुण्याची लुगडी हेलकावतायत, आणि त्यांच्या काठांना अजून चहाची कड आहे. तुमचा पंचा निळ्या-तपकिरी नक्षीचा झालाय. तो पुन्हा धुवायचा म्हटलं तर पाणी नाही. तुम्ही तो कठड्यावर ठेवता आणि मावशींच्या मुलांना कागदाची होडी करून द्यायला बसता. धाकटा होडीकडे बघतो आणि ती घेत नाही. तुम्ही होडी उलगडून त्याचं विमान करता. ते तो घेतो.

पहिला थेंब कुणाला लागला कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरून हाक येते, “पाऊस आला! कपडे काढा!” आणि तिन्ही मजल्यांवर एकदम पावलं धावतात. आता कुणाची दोरी कुणाची हे बघायला वेळ नाही. हाताला येईल ते ओढायचं आणि जवळच्या दारात फेकायचं. तुम्हीही ओढता. लुगड्याचा काठ खांबाच्या खिळ्यात अडकतो, सुटतो. सातव्या खोलीतल्या काकांचं धोतर तुमच्या खांद्यावर येतं. सरींचा पडदा कठड्याशी पोचतो तेव्हा दोऱ्यांवर नुसते थेंब उरलेले असतात, एकाशेजारी एक.

काकूंच्या खाटेवर छातीइतका ढीग आहे. त्या आणि मावशी तो निवडायला बसतात. परटाकडे जाणाऱ्या कपड्यांना कोपऱ्यात बिब्ब्याची काळी खूण असते, ती कितीही धुतली तरी जात नाही. ज्यांना खूण नाही ते काठावरून, ठिगळावरून, गुंडीच्या दोऱ्यावरून ओळखायचे. हे वहिनींचं. हे तिसऱ्या खोलीचं. हे तुझं, हेही तुझं. सातव्यातले काका दारात येऊन आपलं धोतर घेतात, चाचपतात, दमट आहे म्हणून कपाळाला आठ्या घालतात, आणि जाताजाता मावशींच्या यजमानांना विचारतात, “उद्या रात्रीपुरती माझी दोरी चालेल का? मी दिवसाच घालतो.”

ढिगाच्या तळाशी निळ्या-तपकिरी डागांचा पंचा निघतो. मावशी तो दोन बोटांनी उचलून उजेडात धरतात.

“हा कुणाचा गं?”

काकू हात पुढे करून चिमटीत दाबून बघतात. “पाहुण्यांचा. ओलाच आहे अजून,” त्या म्हणतात, आणि उठून तो घरातल्या दोरीवर, काकांच्या सदऱ्याशेजारी टाकतात.